आधी आवाज, मग हात

सारंगखेडा,
ता. १४ नोव्हेंबर १९५८

चि. चुनीलाल यास सिंधूचे अनेक आशीर्वाद.

पत्र रागात लिहिते आहे, म्हणून खुशालीचं शेवटी विचारीन.

सोमवारी आबांना तुझ्या भरवशावर नंदुरबारला धाडलं. 'माझा भाऊ दवाखान्यात फोटोच्या मशीनवर आहे, सासऱ्यांची काळजी कसली,' असं मी सासूबाईंना दहादा सांगितलं होतं. आणि आबा परत आले ते तोंडाला कुलूप लावून. रेल्वेत बोलले नाहीत, तापी ओलांडताना नावेत बोलले नाहीत, घरी आल्यावर सरळ तबेल्यात जाऊन शिंगराजवळ बसले. तुझ्या दाजींना विचारलं तर म्हणाले, मला बाहेर बसवलं होतं. आत पेला फुटल्याचा आवाज झाला आणि आबा उघड्या अंगाने, बोडक्या डोक्याने, पागोटं हातात घेऊन दार ढकलून बाहेर आले. सगळ्या लोकांसमोर. या घरात मला नऊ वर्षं झाली, चुनीलाल. मी अजून आबांना बोडक्या डोक्याने पाहिलेलं नाही.

ते काय खातात ते तरी ऐक. पोळ्यापासून भाकर गळ्याखाली उतरत नव्हती. मग खिचडी अडकायला लागली. आता दूध, ताक आणि पातळ पेज, तेही घोट घोट करून, मध्येच छातीवर हात ठेवून थांबतात. ज्या माणसाने सारंगखेड्याच्या बाजारात आडदांड घोड्याची मान दोन हातांनी वळवली, त्याच्या मनगटावर माझी बांगडी बसेल आता.

तुमचे डॉक्टर यांना म्हणाले की घशाखाली अन्ननळी कुठे अडली आहे ते फोटोत दिसल्याशिवाय मुंबईचा कोणी सर्जन सुरी हातात घेणार नाही. आणि आबा म्हणतात, तिथे पुन्हा पाय ठेवणार नाही. हे म्हणतात, झोपेचं इंजेक्शन द्या आणि उरकून टाका. तसं होतं का, ते कळव. होत असेल तर मी यांना सांगते, आबांना कसं आणायचं ते हे बघतील.

तू जेवतोस ना वेळेवर? खानावळीचं तेल तुला सोसत नाही.

तुझी ताई,
सिंधू


नंदुरबार,
ता. १९ नोव्हेंबर १९५८

ती. सौ. सिंधुताईस चुनीलालचा साष्टांग नमस्कार.

तुझा राग पोचला. पण ताई, सहा वर्षं मी या मशीनवर आहे. दिवसाला पंधरा-पंधरा माणसं छातीचा फोटो काढून जातात. धडगावच्या डोंगरातली माणसं येतात, तीही उभी राहतात. आबांनीच एवढं मनाला का लावून घेतलं ते मला कळत नाही. आत विशेष काहीच घडलं नाही.

इंजेक्शनचं म्हणशील तर नाही. छातीचा फोटो असता तर एक वेळ चाललं असतं. पण हा गिळण्याचा फोटो आहे. बेरियम नावाची पांढरी पूड पाण्यात कालवून ताकासारखी करतात. माणसाने ती उभ्याने प्यायची, आणि ती गळ्यातून उतरत असताना डॉक्टर समोरच्या पडद्यावर बघतात. नेमक्या त्याच क्षणी मी फोटो घ्यायचा. झोपलेला माणूस गिळणार कसा? अर्धवट गुंगीत गिळलं तर ते श्वासाच्या नळीत जाईल. तेव्हा आबा पूर्ण जागे हवेत आणि 'प्या' म्हटलं की प्यायला हवेत. दुसरा रस्ता नाही.

खोलीत अंधार लागतो, कारण पडद्यावरचा उजेड काजव्याएवढा असतो. डॉक्टर तर आधी वीस मिनिटं लाल चष्मा घालून बसतात, डोळे अंधाराला सरावायला. मला वाटतं आबा अंधाराला भ्याले. घोड्यांना वठणीवर आणणारा माणूस एका पेल्याला भ्याला, काय म्हणावं! हसू नको, पण आबांना समजावून सांग की मशीन चावत नाही. सोबत मशीनचं चित्र काढून पाठवतो. कुठे उभं राहायचं, पट्टा कुठे बांधतात, नळी कुठून येते, सगळ्यावर नावं लिहिली आहेत.

आमच्या डॉक्टरांचे गुरू मुंबईला सर्जन आहेत. जानेवारीच्या मध्यावर त्यांच्याकडे एक खाट मिळते आहे. त्याआधी फोटो तिथे पोचला तर आबांचा नंबर लागेल, नाही तर पुढचं काही सांगता येत नाही. डॉक्टर म्हणाले, पेजही थांबली तर मग फार दिवस हातात नसतात.

तेव्हा मी ठरवलं आहे. आबांचा फोटो मी काढणार, इंजेक्शनशिवाय काढणार. तू फक्त त्यांना इथवर आण.

तुझा,
चुनीलाल


सारंगखेडा,
ता. २५ नोव्हेंबर १९५८

चि. चुनीलाल यास अनेक आशीर्वाद.

उंटावरून शेळ्या हाकणं कसं असतं ते तुझ्या चित्रावरून कळलं. मी ते आबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं, पट्ट्यावर बोट ठेवलं, आणि इतके दिवस बंद असलेलं तोंड उघडलं. म्हणाले, "मी काय घोडं शे का आंधारामा धकलाले? आन घोडालेबी मी असं नही करस."

मग चित्राची घडी करून त्यांनी ती तबेल्याच्या आढ्यात खोचली. त्या दिवसापासून पेजही निम्मीच घेतात.

पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. घोड्याला ते असं करत नाहीत, हे मी नऊ वर्षं नदीकडच्या ओसरीत धान्य निवडता निवडता बघते आहे. तू कधी पाहिलं नाहीस म्हणून लिहिते, बारकाईने वाच.

आपल्याकडचं ते पांढऱ्या पायाचं शिंगरू दोन वर्षांचं झालं. त्याला नावेत चढायची सवय हवी, नाही तर पलीकडच्या गिऱ्हाइकाला दाखवायचं कसं? नाव हलते, फळ्या वाजतात, खाली पाणी दिसतं. दुसरे लोक काय करतात? डोळ्यांवर फडकं बांधतात, दोघं मागून रेटतात. घोडं एकदा चढतं आणि जन्मभर नाव पाहिली की थरथरतं. आबा पहिल्या दिवशी त्याला नुसतं काठावर नेतात आणि घरी आणतात. दुसऱ्या दिवशी नाव हुंगू देतात. मग आमची म्हातारी घोडी आधी नावेत चढवतात आणि शिंगराला ते बघू देतात. दोरी कधी ताणत नाहीत. शिंगराने मान मागे घेतली की ते स्वतः एक पाऊल मागे येतात, म्हणजे त्याला कळतं की आपण थांब म्हटलं तर माणूस थांबतो. यांनी एकदा विचारलं, एवढा वेळ का घालवता? आबा म्हणाले, ज्याला थांबता येतं तोच पुढे येतो.

आणि सगळ्यात मोठा नियम. अंधाऱ्या तबेल्यात शिरताना आबा दारातूनच बोलायला लागतात. काहीही बोलतात, कापसाचा भावसुद्धा सांगतात. जनावराला आवाज कळला की मग अंगाला हात. "आधी आवाज, मंग हात." माझ्या पोरांना हे वाक्य पाढ्यासारखं पाठ आहे. मागून मुकाट्याने हात लावणाऱ्याला लाथ बसली तर आबा त्या माणसालाच रागावतात, घोड्याला नाही.

आता मला खरं सांग, चुनीलाल. 'आत विशेष काही घडलं नाही' असं लिहिलंस. मग त्या अंधारात आबांच्या पागोट्याला हात कुणी लावला?

तुझी ताई,
सिंधू


नंदुरबार,
ता. १ डिसेंबर १९५८

ती. सौ. सिंधुताईस साष्टांग नमस्कार.

मी लावला.

पाच दिवस पत्र हातात घेऊन फिरलो. आता जसं झालं तसं लिहितो. डॉक्टरांना त्या दिवशी घाई होती, बाहेर वीसेक माणसं होती. आबांना आत घेतलं, दिवा घालवला, पेला हातात दिला. पागोट्याचा सोगा छातीवर आला होता, त्याने चित्र बिघडलं असतं. मी मागून गेलो, पागोटं उचललं आणि बाजूच्या स्टुलावर ठेवलं. मग खांदे धरून त्यांना पुढे पडद्याला टेकवलं. तोंडाने एक शब्द बोललो नाही. सगळ्यांनाच मी असं करतो, ताई. दिवसाला पंधरा माणसं. तेवढ्यात आबांनी पहिला घोट घेतला होता. तो बहुधा तिथेच अडला आणि त्याच वेळी माझे हात मागून आले. पेला पडला. पुढचं तुला दाजींनी सांगितलंच आहे.

सुनेच्या भावाने सासऱ्याचं पागोटं उतरवलं! आपल्या जातीत लग्नात व्याही एकमेकांना पागोटी बांधतात, आणि मी ते स्टुलावर ठेवलं. त्या क्षणी ते माझ्या डोक्यातही आलं नाही. मला फक्त सोगा दिसत होता. मला स्वतःची लाज वाटते. आणि वर तुला लिहिलं, आबा पेल्याला भ्याले!

तुझं पत्र आल्यावर मी एक गोष्ट केली. आमच्याकडे दोधू नावाचा म्हातारा वॉर्डबॉय आहे, त्याला सांगितलं: मला आत उभं कर, दिवा घालव, हातात पेला दे आणि वाटेल तेव्हा मागून धर. मी सहा वर्षं त्या खोलीत वावरतो, भिंतीचे पापुद्रे मला पाठ आहेत. तरी दोधूचा हात मानेला लागला तेव्हा पेला माझ्या हातातून सुटला. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, ते काही खोटं नाही. दोधू हसला आणि फरशी पुसत म्हणाला, आता कळलं का, मी रोज काय पुसतो ते.

डॉक्टरसाहेबांना मी म्हटलं, मला भ्यायलेल्या माणसांसाठी वेळ हवा. ते चिडले. म्हणाले, हा दवाखाना आहे, तबेला नाही. मी म्हटलं, साहेब, तबेल्यात बरं वागतात. तोंडातून गेलं खरं. त्यांनी कामाची वही उघडली. मग म्हणाले, गुरुवारी दुपारचा एक तास तुझा. फोटो वाया गेले तर तो तासही गेला.

पहिल्या गुरुवारी धडगावकडची रूपलीबाई आली, छातीच्या फोटोसाठी. दोनदा पळून गेलेली. अंगावर शेरभर चांदी, ती उतरवायला तयार नाही. तिची पावरी बोली मला येत नाही, माझी मराठी तिला येत नाही. मी दिवे लावून तिला खोलीत बसवलं, जनरेटर सुरू करून नुसता आवाज ऐकवला. चांदी तिने स्वतः काढली, स्वतःच्या ओंजळीत धरली, आणि हात खाली ठेवून उभी राहिली. मी सगळा वेळ बोलत होतो. आबांसारखाच, काहीही. मला वाटतं मी तिला खानावळीच्या आमटीबद्दल सांगितलं. शब्द तिला कळले नसतील, पण मी कुठे उभा आहे ते कळत होतं. पहिला फोटो हलला. दुसरा स्वच्छ आला.

भिंतीत मी एक खुंटी ठोकली आहे, माणसाच्या डोळ्यांसमोर. यापुढे पागोटं, टोपी, पदर, ज्याचं त्याने उतरवायचं. मी हात लावणार नाही.

आबांना हे सगळं सांग. मी चुकलो, हेही सांग. पण त्यांना घेऊन ये. दिवस जाताहेत.

तुझा,
चुनीलाल


सारंगखेडा,
ता. ५ डिसेंबर १९५८

चि. चुनीलाल यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी चुलीपाशी बसून राहिले. आपलेच दात आणि आपलेच ओठ. यांना सांगावं तर तुझ्या नावाने घरात काय काय ऐकावं लागेल, आणि सांगितलं नाही तर आबा येणार कसे? शेवटी पत्र पोलक्यात खोचलं आणि गप्प राहिले. मी घाबरले होते, चुनीलाल, आणि ते तुझ्यापासून कशाला लपवू?

काल आबांना दूधही परतलं. मी तोंड पुसत होते, तर म्हणाले, "तुन्हा भाऊनं पत्र उनं ना? वाच."

मी वाचलं. तुझ्या चुकीची ओळ आली तिथे उडी मारून पुढे गेले, रूपलीबाईचं वाचलं. आबा ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आते जे सोडं ते वाच, बेटा."

काय करते! वाचलं. आबा म्हणाले, "माले तवयच समजनं व्हतं. तुन्हा भाऊना हातले फोटो धुवानी दवाईना वास येत व्हता."

मी विचारलं, आबा, मग एवढे दिवस बोलला का नाहीत? यांनासुद्धा नाही?

म्हणाले, "बोलतू तं तुन्हा माहेरनं नाव ह्या घरमा खाले व्हतं. तुले रोज ऐकनं पडतं."

चुनीलाल, मी रडले. आम्ही सगळे आबांना हट्टी म्हणत होतो. हे म्हणत होते, म्हातारपणी पोरासारखं वागतात. आणि ते उपाशीपोटी माझी लाज झाकत बसले होते. पेजेचा घोट उतरत नव्हता तरी तोंडातून एक शब्द बाहेर पडू दिला नाही त्यांनी.

मी पाया पडले आणि म्हटलं, आता तरी चला. तर म्हणाले, "घोडं माणूसकडे येत नही. माणूसले घोडाकडे जानं पडस. त्याले म्हना, आधी तू ये."

हसत होते म्हणताना. पोळ्यानंतर पहिल्यांदा हसले. उशीर करू नको.

तुझी ताई,
सिंधू


(पोस्टकार्ड)

नंदुरबार,
ता. ८ डिसेंबर १९५८

ती. सौ. ताईस सा. न. शनिवारी येतो. दोंडाईच्याला उतरून संध्याकाळच्या नावेने. डॉक्टरसाहेबांनी गुरुवार १८ तारखेचा दिवस दिला आहे आणि मुंबईला तसं कळवलंही आहे. जेवायला काही करू नको. आबा जेवत नसताना मला घास जाणार नाही.

चुनीलाल


नंदुरबार,
ता. १९ डिसेंबर १९५८

ती. सौ. सिंधुताईस साष्टांग नमस्कार.

दाजी आणि आबा उद्या निघतील, पण दाजी बाहेर बसले होते आणि आबा स्वतःबद्दल बोलणार नाहीत. म्हणून आत काय झालं ते तुला मीच लिहितो.

तुमच्याकडे रविवारी आबांनी माझ्याकडून काय करून घेतलं ते तू ओसरीतून पाहिलंसच. पाया पडायला वाकलो तर म्हणाले, ते मंग, आधी शिंगरू. चार वेळा मी दोरी ताणली आणि चार वेळा त्यांनी मला काठावर परत पाठवलं. पाचव्या वेळी मी थांबलो तेव्हा ते शिंगरू आपणहून फळीवर आलं. निघताना आबांनी तीच दोरी गुंडाळून पिशवीत टाकली. मला वाटलं, सवयीने टाकली असेल.

मंगळवारी ते आले आणि मी त्यांना नुसतं खोलीत बसवलं. दार उघडं, दिवे चालू. त्यांनी मशीनच्या खांबाला हात लावला, म्हणाले थंडगार शे. पट्टा बघितला आणि माझ्याकडे बघितलं. मी पट्टा काढून कपाटात ठेवला. बुधवारी जनरेटर ऐकवला, मशीनची घरघर ऐकवली, दिवा तीनदा घालवला आणि तीनदा लावला. प्रत्येक वेळी आधी सांगून. आबा म्हणाले, आज पुरे. मला वाटत होतं आजच काढावा, डॉक्टरही मोकळे होते. पण थांबलो.

गुरुवारी मी पेला कालवला, दोन कालवले. आबा म्हणाले, दोन कसाले? मी म्हटलं, आबा, म्हातारी घोडी आधी चढते ना? त्यांच्या मिशा हलल्या. डॉक्टरसाहेब कुरकुरले, उगाच कशाला तुझ्या अंगावर किरणं. पण लाल चष्मा काढला आणि पडद्यामागे मला उभं केलं. आबांना त्यांनी दुसरा लाल चष्मा लावून आधीपासून आपल्या शेजारी बसवलं होतं. मी घोट घेतला. चव खडूची, ताई, खडू पाण्यात भिजवून प्यायल्यासारखी. अंधारात आबांचा आवाज आला, "अरे, तुन्हा गळामा काळी धार दखाई ऱ्हायनी! उतरनी, उतरनी, पोटमा गयी!" बाजारात घोडं धावल्यावर जसे ओरडतात तसे ओरडले.

मग दिवा लावला आणि डॉक्टर पुन्हा लाल चष्मा घालून बसले. आबा उठले, पागोटं स्वतःच्या हाताने काढलं आणि खुंटीला लावलं. डोळ्यांसमोर. आणि पिशवीतून ती दोरी काढली. एक टोक स्वतःच्या मुठीत धरलं, दुसरं माझ्या मनगटाला बांधलं. म्हणाले, मी ओढी तं थांबजो. मी म्हटलं, थांबसू.

दिवा गेला. मी बोलायला लागलो. आबा, मी चुनीलाल. मी तुमना उजवे बाजूले शे. आते उजवा खांदावर हात ठेवस. हात ठेवला. त्यांचा खांदा सुकलेल्या काटकीसारखा लागला हाताला. पहिला घोट गेला. डॉक्टर पुटपुटले, दिसतंय. दुसऱ्या घोटाला अडलं. मला ऐकू आलं, घशात तो आवाज झाला आणि त्याच क्षणी दोरीला हिसका बसला.

ताई, खरं सांगतो, डॉक्टर म्हणाले, "थांबू नको, आत्ताच चांगलं दिसतंय, घे फोटो." माझं बोट बटणावर होतं. एक फोटो. त्या एका फोटोवर आबांची खाट. पण मी शब्द दिला होता. मी बटण सोडलं आणि दिवा लावला.

डॉक्टर लाल चष्मा चाचपू लागले. त्यांचे डोळे अंधाराला सरावले होते, आता पुन्हा वीस मिनिटं लाल चष्मा. आबा छातीवर हात ठेवून उभे होते. खुंटीकडे बघत होते. मी त्यांना हात लावला नाही, नुसता बोलत राहिलो, तुमच्या शिंगराबद्दल, यंदाच्या दत्ताच्या यात्रेबद्दल. घोट हळूहळू उतरला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, थांबलास ना, असं. आणि म्हणाले, "आते चाल."

वीस मिनिटांनी दिवा गेला. तिसरा घोट. चौथा. दोरी माझ्या मनगटाला सैल होती. आबा स्वतःहून श्वास रोखून उभे राहिले, आणि मी तीन फोटो घेतले, तिन्ही स्वच्छ.

फोटो मी माझ्या हाताने धुतले. अन्ननळी खाली जिथे पोटाला मिळते तिथे आवळली आहे, वर फुगली आहे. डॉक्टर उजेडात धरून बराच वेळ बघत होते. म्हणाले, कडा गुळगुळीत आहेत. गाठ असती तर खडबडीत दिसल्या असत्या. खात्री मुंबईला होईल, पण हे सोडवता येण्यासारखं वाटतं. मग दोधूला म्हणाले, गुरुवारच्या एका तासाचे दोन तास कर.

आबा पागोटं बांधत होते. मी पाया पडलो. या वेळी त्यांनी पडू दिलं.

तुझा,
चुनीलाल


सारंगखेडा,
ता. ९ मार्च १९५९

चि. चुनीलाल यास अनेक आशीर्वाद.

आबा मुंबईहून परवा घरी आले. ऑपरेशन झालं, टाके सुकले, गाठ नव्हती. आज सकाळी त्यांनी ताकात कुस्करून चतकोर भाकर खाल्ली. दोन घास झाले की थांबत होते, आता अडेल, आता अडेल म्हणून. अडलं नाही. सासूबाई शेजारी बसून प्रत्येक घासाला दत्ताचं नाव घेत होत्या. मी चुलीकडे तोंड करून बसले होते. भाकर करपली माझी एक.

आता आबांचा निरोप. त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं.

मुंबईला ऑपरेशनआधी पुन्हा तसाच फोटो काढला. खोली तुझ्याहून मोठी, मशीन तुझ्याहून मोठं, आणि ओळखीचं कोणी नाही. मशीनवाल्याने आबांच्या पागोट्याकडे हात नेला तेव्हा आबांनी त्याला थांबवलं आणि म्हणाले, पागोटं मी काढीन, तू आधी बोल. तो म्हणाला, काय बोलू? आबा म्हणाले, काहीही बोल, पण बोलत राहा. मग दोरीचं टोक त्याच्या मनगटाला बांधलं. तो हसला, पण त्याने बांधू दिलं. आबा म्हणतात, माणूस चांगला होता, फक्त त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

बाहेर बाकावर एक बाई होती, तिचा नंबर आबांच्या मागे. भ्याली होती, तिच्या माणसाला आत सोडत नव्हते. आबा बाहेर आले आणि दोरी तिच्या हातात दिली. तो मशीनवाला दारात उभा होता. त्याने न सांगता मनगट पुढे केलं.

तेव्हा ती दोरी आता परत मागू नको, ती मुंबईला राहिली. आबांनी बसल्या बसल्या दोन नव्या वळल्या आहेत, पाहुण्यांबरोबर धाडते. एक तुझ्या खुंटीला लाव. दुसरी जादा ठेव.

पत्र बंद करता करता मी आबांना विचारलं, खरं सांगा, मुंबईला त्या अंधारात तुम्ही घाबरला नाहीत?

आबा शिंगराच्या पाठीवरून हात फिरवत होते. म्हणाले, "घाबरनूच ना, बेटा. पन दोरी मन्हा हातमा व्हती."

तुझी ताई,
सिंधू